कार्बोरेटर तीनदा साफ केला, तरी ॲव्हरेज का येत नाही?

सोलापुरात सध्या कुठल्याही पंपावर रांगेत उभे राहा, पुढचा नाहीतर मागचा एकजण हमखास म्हणतो, "ते ई-ट्वेंटी आल्यापासून गाडीनं ॲव्हरेजच सोडलं बघा." ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते मोजक्या पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच मिळू लागलं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कमी नाही, त्यामुळे तक्रार करणाऱ्याचा स्वतःचा ऊसही त्या टाकीत असू शकतो. ते असो.

मीही हेच म्हणत होतो. वडिलांची १९९८ ची स्प्लेंडर आहे. एके काळी लिटरला साठच्या वर जाणारी गाडी पंचेचाळीसवर आली, पिकअप गेला, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास यायला लागला. एका गॅरेजमध्ये तीनदा कार्बोरेटर साफ करून घेतला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी मूळपदावर. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं, "सर, पेट्रोलच तसलं आलंय, आपण काय करणार?"

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्लग काढला, त्यावरची काळीकुट्ट काजळी बोटाला लावून मला दाखवली आणि म्हणाले, "पेट्रोलचा दोष असता तर हा पांढरा पडला असता." या एका वाक्याचा अर्थ लावता लावता जे कळलं, ते इथे मांडतो.

आधी कार्बोरेटर म्हणजे काय

डास मारायचा जुना फ्लिटचा पंप आठवतो? दांडा ढकलला की हवा एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जाते, खालच्या डब्यातलं औषध आपोआप वर चढतं आणि फवारा उडतो. औषधाला कुणी ढकलत नाही. वेगानं जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि डब्यातला जास्त दाब औषध वर लोटतो. कार्बोरेटर हाच पंप आहे, फक्त दांड्याच्या जागी इंजिन आहे. इंजिन श्वास घेतं, तो श्वास कार्बोरेटरच्या मधल्या अरुंद गळ्यातून जातो आणि जाता जाता पेट्रोल ओढून घेतो.

किती हवेला किती पेट्रोल, हे प्रमाण फार नाजूक असतं. साध्या पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. पेट्रोल त्यापेक्षा जास्त गेलं तर मेकॅनिक म्हणतो गाडी "रिच" चालते, कमी गेलं तर "लीन". पुढे हे दोनच शब्द वापरतो. रिच गाडी काळी काजळी धरते, वास मारते, पेट्रोल पिते. लीन गाडी गरम होते, रेस देताना अडखळते आणि तिचा प्लग पांढरट पडतो. ठीक चालणाऱ्या गाडीचा प्लग फिक्या विटकरी रंगाचा असतो.

आता आतले भाग. खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, थोडं पेट्रोल साठलेलं असतं. त्याची पातळी फ्लोट सांभाळतो. सोलापूरकराला फ्लोट समजावून सांगायची गरज नाही, रोज नळ न येणाऱ्या गावात टाकीतला बॉलकॉक प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. पाणी वर आलं की बॉल उचलतो आणि तोटी बंद होते, तसंच हे. फ्लोट उचलला की एक छोटी सुई पेट्रोलचं भोक बंद करते. गॅरेजमध्ये तिला फ्लोटपिन म्हणतात.

बाऊलमधून पेट्रोल वर जातं ते जेटमधून. जेट म्हणजे पितळेची, नेमक्या मापाचं भोक असलेली नळी. एक जेट मंद चालीसाठी, एक मुख्य. ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या केबलला बांधलेली एक गोल स्लाइड गळ्यात वर-खाली होते. बरेच मेकॅनिक तिला पिस्टन म्हणतात, पण इंजिनातल्या पिस्टनशी तिचं नातं नाही. स्लाइडच्या पोटातून एक लांब, टोकाकडे निमुळती होत गेलेली सुई लोंबते आणि ती निडल-जेट नावाच्या पितळी नळीत वर-खाली होते. सुई वर गेली की भोवतीची फट वाढते, पेट्रोल जास्त येतं. माझ्या गाडीची सगळी गोष्ट या फटीत होती.

घाण निघते, झीज कशी निघणार?

गॅरेजमध्ये "कार्बोरेटर साफ केला" म्हणतात तेव्हा घाण निघालेली असते. टाकीतला गंज, धूळ, उभ्या गाडीत वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर, हे सगळं धुऊन निघतं. घाणीनं भोक बंद होतं, म्हणून घाण झालेली गाडी बहुतेक वेळा लीन चालते: थंडीत चालू होत नाही, स्लोला बंद पडते.

झीज उलट वागते. झिजल्यानं भोक मोठं होतं, फट रुंदावते. जुन्या विहिरीच्या काठाच्या दगडावर दोरानं पडलेली खाच पाहिली असेल. मऊ दोर कडक दगड कापतो, कारण तो रोज त्याच जागी घासतो. इंजिन चालू असताना सुई सतत थरथरते आणि नळीला घासत राहते. पंचवीस वर्षांत त्या गोल भोकाचं अंड्यासारखं लांबट भोक होतं, सुईवरही एका बाजूला चकचकीत पट्टा येतो.

हे एवढ्याशा झिजेनं काय होणार, असं मलाही वाटलं होतं. म्हणून हिशेब केला. उदाहरणादाखल समजा, भोक २.६० मिलिमीटरचं आणि त्यातली सुई २.५० ची. मधल्या कड्याचं क्षेत्रफळ येतं ०.४० चौरस मिलिमीटर. आता भोक फक्त ०.०२ मिलिमीटरनं मोठं झालं, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. क्षेत्रफळ होतं ०.४८. म्हणजे वाट वीस टक्क्यांनी मोठी झाली! डोळ्याला दिसत नाही, नखाला जेमतेम लागते, पण टाकीला लगेच कळते. अशी नळी रॉकेलमध्ये बुडवा, हवेच्या प्रेशरनं उडवा, स्प्रे मारा, भोक पुन्हा लहान होणार नाही. उलट मेकॅनिकनं जेटमध्ये तार घालून "साफ" केली असेल तर ते आणखी मोठं झालेलं असतं. पितळ मऊ असतं, जेटमध्ये लोखंडी तार घालणाऱ्याला मी आता हात धरून थांबवतो.

मग ई-२० चा दोष काहीच नाही?

आहे, पण लोक समजतात तो नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, एका किलोला सुमारे ९ किलो. ई-२० साठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. कार्बोरेटर मात्र जुन्याच हिशेबानं हवा-पेट्रोल मिसळत राहतो, त्याला बिचाऱ्याला इंधन बदललेलं कळत नाही. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत सेन्सर आणि संगणक असतो, तो सावरून घेतो. म्हणजे ई-२० मुळे कार्बोरेटरची गाडी थोडी लीन होते. प्लग पांढऱ्याकडे झुकायला हवा. म्हणून मिस्त्री तसे म्हणाले. ई-२० घालूनही प्लग काळा आहे याचा अर्थ काहीतरी इतकं जास्त पेट्रोल सोडतंय की इथेनॉलचा लीनपणा गिळूनही उरतंय.

ॲव्हरेजवर परिणाम होतोच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती. साठची गाडी अठ्ठावन्नवर येईल, पंचावन्नवर आली तरी समजू शकतो. पंचेचाळीसवर आली तर इथेनॉलवर ढकलून चालणार नाही.

दोन गोष्टींत मात्र इथेनॉल जुन्या गाडीला खरंच नडतं. एक, जुने रबरी पॅकिंग आणि पाइप त्यानं फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. दोन, ते पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी सापडते. ती धातू गंजल्याची खूण. गाडी उभी ठेवणार असाल तर बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका.

त्रास मुठीच्या कुठल्या जागी होतो?

हे कळलं की निम्मं निदान झालं. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर कागदी चिकटपट्टी लावा आणि पेनानं बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. पहाटे रिकाम्या रस्त्यावर गाडी चांगली गरम करून चालवा आणि कुठल्या खुणेवर बिघडते ते लक्षात ठेवा.

मूठ जवळजवळ बंद असताना सगळं काम मंद चालीच्या जेटचं आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणाऱ्या मिश्रणाच्या स्क्रूचं. पावपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरक्या कापाचं. पाव ते पाऊणपर्यंत सुई आणि निडल-जेटचं. त्यापुढे मुख्य जेटचं. आपण शहरात नव्वद मिनिटं चालवली तर त्यातली बहुतेक पाव आणि अर्ध्याच्या मध्येच जातात, म्हणून सगळ्यात आधी झिजतात त्या सुई आणि निडल-जेट. माझी गाडी स्लोला ठीक होती, पूर्ण मुठीला ठीक होती, मधेच घुसमटायची. चोर तिथेच होता.

दुसरी सोपी परीक्षा चोकची. गाडी गरम असताना चोक अर्धा ओढा. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी पट्टी. ओढल्यावर गाडी सुधारली तर ती लीन होती, आणखी बिघडली तर बहुधा रिच.

पण त्याआधी, आणि हे मी स्वतः केलं नव्हतं म्हणून सांगतो, एअर फिल्टर पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते तिनं फिल्टर चोंदला की गाडी सगळ्याच खुणांवर रिच चालते आणि निष्पाप कार्बोरेटर उघडला जातो. टायरची हवा, चिकटून राहणारा ब्रेक, व्हॉल्व्हचं सेटिंग, अर्धवट ओढून राहिलेला चोक, हे तपासायला पंधरा मिनिटं लागतात.

नको त्या वाटेनं शिरणारी हवा

कधी कधी गाडी आपोआप रेस धरते, मूठ सोडली तरी खाली येत नाही. म्हणजे हवा कार्बोरेटरला चुकवून आत शिरतेय. जागा ठरलेल्या: कार्बोरेटर आणि इंजिनामधलं पॅकिंग, त्यातली रबरी कडी म्हणजे ओ-रिंग, तडकलेला रबर, नाहीतर झिजलेली स्लाइड.

शोधायची पद्धत: गाडी स्लोला चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीनं जोडाच्या एकेका बाजूला थोडं पाणी मारायचं. पाणी फटीत ओढलं गेलं की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. पेट्रोल मारून हीच परीक्षा करणारे पाहिलेत, तसं करू नका. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल उडवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

जोडच वाकडा असेल तर? कार्बोरेटरचे दोन नट वर्षानुवर्षं जीव खाऊन आवळले की मऊ धातूची पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि मधे फट पडते. अशा वेळी नवं पॅकिंग, त्यावर सोल्यूशन, त्यावर आणखी आवळणं, असा उलटा उपचार होतो. खरा उपाय साधा आहे. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरा आणि कार्बोरेटरची ती बाजू त्यावर आठच्या आकड्यासारखी हळूहळू घासा. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झाली. स्वच्छ धुवा, नवी ओ-रिंग घाला आणि नट दोन्ही बाजूंनी सारखे, बेतानं आवळा.

स्लाइडची झीज हातानं कळते. ती कार्बोरेटरमध्ये नुसती सोडा आणि हलवा. नवी जेमतेम हलते, झिजलेली खडखडते. यंत्रमागाच्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. धोटा पेटीत ढिला झाला की माग कसा वागतो ते त्यानं लहानपणीच ऐकलेलं असतं, आणि जुन्या मिलमधले जॉबर, म्हणजे माग जुळवणारे, नुसत्या आवाजावरून माग ओळखायचे. इंजिनाची ओढ स्लाइडला इंजिनाच्या बाजूला दाबते, त्यामुळे झिजेचा पट्टाही त्याच बाजूला दिसतो.

सकाळी गाडीखाली ओलं दिसतं

हे फ्लोटपिनचं काम. पिनीचं टोक आणि तिची बैठक वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटून टोकावर एक बारीक वर्तुळ उमटतं. त्यातून पेट्रोल झिरपतं, बाऊल भरून वाहतो. टाकीचा बॉलकॉक गेला की गच्चीवरून पाणी गळतं, तसंच. फरक एवढाच की पाणी गटारात जातं आणि पेट्रोल कधी कधी इंजिनात उतरतं. ते ऑइलमध्ये मिसळलं की ऑइल पातळ होतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर गाडी चालू करू नका, आधी ऑइल बदला. फ्लोट कानाजवळ हलवून पाहा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

पिन नवी मिळेपर्यंत रात्री पेट्रोलचा कॉक बंद करा. खरं तर नंतरही करा. ही सवय आपल्या आधीच्या पिढीला होती, आमच्या घरी वडील अजून करतात.

बदलायचं काय, आणि काय नाही

सुई आणि निडल-जेट नेहमी जोडीनं बदला. जुन्या नळीत नवी सुई घातली तर ती त्याच लांबट भोकात डोलत राहते. सुई झिजली का हे पाहायला ती काचेवर लोळवा, वाकलेली असेल तर उड्या मारते. नखानं बाजूनं चाचपा, पायरी लागली तर गेली.

इथे एक चलाखी चालते, तिला फसू नका. सुईच्या डोक्याशी खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप बसते. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली उतरते, पेट्रोल कमी येतं, ॲव्हरेज सुधारल्यासारखं वाटतं. माझ्या गाडीला हे आधीच केलेलं होतं, क्लिप सगळ्यात वर होती! झिजेनं वाढलेलं पेट्रोल असं झाकता येतं, पण झीज सगळीकडे सारखी नसते. मग एका खुणेवर गाडी रिच, दुसऱ्यावर लीन आणि मधे कुठेतरी धक्का मारते. नवी जोडी घातल्यावर क्लिप कंपनीनं सांगितलेल्या खाचेत परत आणायची.

पॅकिंग, ओ-रिंग आणि फ्लोटपिन न विचारता बदला. मुख्य जेट सहसा झिजत नाही. त्यात तार घातलेली नसेल तर तसाच ठेवा, आणि "ई-२० साठी" म्हणून दोन नंबर मोठा जेट घालायचा सल्ला कुणी दिला तर आधी प्लगचा रंग विचारा.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते पाहा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, सैल केला की गाडी लीन होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, सैल केला की रिच. दोन्हींना एकाच दिशेनं फिरवणारे पुष्कळ आहेत. युनिकॉर्नसारख्या काही गाड्यांत स्लाइडवर रबरी पडदा असतो. तिथे पिकअप गेला तर आधी तो पडदा उजेडात धरून भोक पडलंय का पाहा.

"पण पीयूसी तर पास झाली!"

होईलच. दुचाकीची तपासणी स्लोला, गाडी उभी असताना होते. त्या वेळी सुई-जेटची जोडी जवळजवळ कामच करत नाही. ती मंद चालीची परीक्षा आहे, मधल्या मुठीचं पाप तिथे दिसत नाही. उलट आकडा मात्र उपयोगी पडतो. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर मंद चालीचाही कारभार रिच आहे हे फुकटात कळतं. कागद खिशात घालण्याआधी तो आकडा वाचा.

"एवढं करण्यापेक्षा नवाच कार्बोरेटर टाकला तर?"

टाका, पण मूळ कंपनीचा मिळाला तर. कार्बोरेटरच्या अंगावर त्याचं नाव कोरलेलं असतं, बुलेटला मिककार्ब, चेतकला स्पाको वगैरे. त्याच नावाचा, त्याच मापाचा हवा. स्वस्तातल्या नकलेत जेटचा नंबर एक छापलेला आणि भोक भलतंच असू शकतं. मग झिजलेला अस्सल की नवा नकली, अशी निवड उरते. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि दुचाकी जवळजवळ सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे पुढे अस्सल सुटे भाग कमीच होत जाणार. मिळतात तोवर सुई-जेटची एक जोडी घेऊन ठेवायला हरकत नाही.

कारला मात्र हा हिशेब थोडा वेगळा लागतो. पद्मिनी किंवा जुन्या मारुती ८०० मध्ये स्लाइड नसते, गळ्यात गोल झडप असते. तिचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक झिजतं आणि तिथून हवा शिरते. दुरुस्तीच्या तयार किटमध्ये त्यावर उपाय नसतो. लेथवर भोक मोठं करून त्यात पितळी बुश बसवावा लागतो, आणि ते काम मापानं करणारा टर्नर शोधावा लागतो.

माझ्या स्प्लेंडरला सुई, निडल-जेट, फ्लोटपिन आणि सगळे पॅकिंग नवे घातले, वाकलेली बाजू काचेवर घासली. टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचा हिशेब तीनदा ठेवला, ॲव्हरेज छपन्न-सत्तावन्नवर आलं. साठ काही दिसलं नाही. तेवढं इथेनॉलचं आणि इंजिनाच्या वयाचं धरून सोडून दिलं. स्लाइड अजून थोडी खडखडते. अस्सल स्लाइड दोन दुकानांत विचारली, दोन्हीकडे "नकली आहे, देऊ का?" असं प्रामाणिकपणे विचारलं गेलं. अजून घेतलेली नाही.